जणू ते इथेच पहिल्यांदा छापलं होतं

एका अनुवादिकेचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून गाभा तेवढा देते.

"एका युरोपीय लेखिकेच्या बारा कथा मी गेली चार वर्षं मराठीत आणते आहे. लेखिका १९६१ साली वारली. दहा कथा तिच्या १९३८च्या संग्रहातल्या. उरलेल्या दोन तिच्या मागे कागदांत सापडल्या आणि १९६९ साली पहिल्यांदा छापल्या गेल्या. मला मूळ भाषा येत नाही. १९८७ साली आलेल्या इंग्रजी अनुवादावरून मी काम केलं. मूळ भाषा जाणणाऱ्या एका मैत्रिणीने मधूनमधून ओळी पडताळून दिल्या. आता छापील पुस्तक आणि ई-बुक, दोन्ही काढायचं मनात आहे. एक जण म्हणतो, परदेशी लेखकाला आपला कायदा लागूच होत नाही. दुसरा म्हणतो, साठ वर्षं उलटून गेली, सगळं मोकळं आहे. तिसरा म्हणतो, पुस्तकावर कॉपीराइटची खूण नाही, नोंदणी नाही, मग हक्क कसला? आणि चौथा म्हणतो, एवढ्याशा प्रतींसाठी तिकडून कोण बघायला येतंय? मी काय करू?"

ताई,

तुम्ही पत्रासोबत जोडलेली दोन पानं मी आधी वाचली, पत्र नंतर. ती पानं चांगली उतरली आहेत. म्हणूनच हे पुस्तक नीट मार्गाने यावं असं मला फार वाटतं.

तुम्हाला हवं ते उत्तर आधी देऊन टाकते. दहा कथांच्या मूळ लेखनावरचा हक्क भारतात संपला आहे. दोन कथांवरचा अजून संपलेला नाही. आणि ज्या इंग्रजीवर तुमचं सगळं काम उभं आहे, त्या इंग्रजी अनुवादाचा हक्क बाराही कथांपुरता जिवंत आहे. तेव्हा आज जसं तयार आहे तसं पुस्तक परवानगीवाचून छापू नका. पण चार वर्षांचं काम वाया गेलं असंही समजू नका. वाट आहे, एक नाही तर दोन आहेत.

आता तुमच्या मित्रांकडे वळते. चौघांचीही गंमत अशी, की प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्यामुळेच माणूस फसतो.

पहिल्या मित्राने कायदा उघडून पाहिला असेल तर तो अगदीच चुकला नाही. १९५७चा आपला कॉपीराइट कायदा मुळात इथल्या साहित्यापुरताच बोलतो. पुस्तक पहिल्यांदा भारतात प्रसिद्ध झालेलं असावं, किंवा बाहेर प्रसिद्ध झालं असेल तर लेखक त्या वेळी भारताचा नागरिक असावा. एवढंच वाचून पुस्तक मिटलं, तर तुमची लेखिका कायद्याच्या बाहेरच राहते. पण पुढे कलम ४० आहे. त्या कलमाने केंद्र सरकारला अधिकार दिला आहे, की राजपत्रात आदेश काढून हा कायदा परदेशी साहित्यालाही लावावा. असा आदेश निघालेला आहे, सध्याचा १९९९चा आहे, आणि लेखकांच्या हक्कांसाठी देशादेशांत झालेल्या बर्न करारातले, जागतिक कॉपीराइट करारातले, जागतिक व्यापार संघटनेतले देश त्याच्या कक्षेत येतात. आदेश लागू झाला की काय होतं ते कलमाच्या भाषेत फार सुरेख सांगितलं आहे: बाहेर प्रसिद्ध झालेलं पुस्तक जणू भारतातच पहिल्यांदा प्रसिद्ध झालं, आणि त्याचा लेखक जणू भारताचाच नागरिक, असं धरून चालायचं.

त्या 'जणू'वर जरा थांबा, कारण आंतरराष्ट्रीय कॉपीराइट नावाची जी गोष्ट लोक बोलतात ती खरं तर एवढीच आहे. जगभर चालणारा एकच कॉपीराइट कुठेही अस्तित्वात नाही. प्रत्येक देशाचा कायदा आपापल्या हद्दीतच चालतो. करार करून देशांनी एकमेकांना शब्द दिला आहे, की तुमच्या लेखकाला आमच्या हद्दीत आमच्या लेखकासारखं वागवू. याला राष्ट्रीय वागणुकीचं तत्त्व म्हणतात. म्हणून तुमची लेखिका कुठल्या देशाची, हा प्रश्न दुसरा. तुम्ही तिचं लेखन कुठे वापरणार, हा पहिला. तुम्ही इथे छापणार, म्हणून इथला कायदा, आणि त्या कायद्यापुढे ती परकी नाही.

हा शब्द देशांनी सहजासहजी दिलेला नाही. अमेरिकेचा १७९०चा पहिला कॉपीराइट कायदा घ्या. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की परदेशी माणसाने परदेशात लिहिलेलं पुस्तक इथे आणायला, छापायला, विकायला कुणाला आडकाठी नाही. त्यामुळे इंग्लंडमधली गाजलेली पुस्तकं तिकडे धडाधड छापली जात, लेखकाला दमडी मिळत नसे. चार्ल्स डिकन्स १८४२ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला तेव्हा त्याने भाषणांतून हा विषय काढला, आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. पण नुकसान एकट्या डिकन्सचं नव्हतं. ज्या पुस्तकाच्या लेखकाला काही द्यावं लागत नाही ते स्वस्तात विकता येतं, आणि त्याच्या शेजारी अमेरिकेतल्या नव्या लेखकाचं पुस्तक महाग दिसतं. परक्याला उघड्यावर सोडलं की घरचाही उघड्यावर पडतो. तिथल्या लेखकांना हे कळत होतं. तरी कायदा बदलायला १८९१ साल उजाडलं, आणि तेव्हाही अट घातलीच: परदेशी पुस्तकाला संरक्षण हवं तर त्याची अक्षरजुळणी अमेरिकेत झाली पाहिजे.

फ्रान्सने उलटं केलं. १८५२ साली एक हुकूम काढून त्यांनी परदेशी साहित्याची बेकायदा छपाई हा गुन्हा ठरवला. तुमचा देश आमच्या लेखकांना काही देतो का, हे विचारलंसुद्धा नाही. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. बाकीचे देश त्या काळात दोघादोघांत करार करत बसले होते, आणि ज्याच्याशी करार नाही त्याचं पुस्तक मोकळं. शेवटी फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोच्या पुढाकाराने १८७८ साली पॅरिसमध्ये लेखकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिने रेटा लावला, आणि ९ सप्टेंबर १८८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात दहा देशांनी बर्न करारावर सही केली. त्या दहांत फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन होतेच, पण हैती, लायबेरिया आणि ट्युनिशियाही होते. आज सभासदांची संख्या एकशे ऐंशीच्या पुढे गेली आहे. भारत १९२८पासून स्वतःच्या नावाने त्यात आहे. अमेरिका आली ती १ मार्च १९८९ला, म्हणजे तुमचं ते इंग्रजी पुस्तक छापून झाल्यावर दोन वर्षांनी.

इथेच तिसऱ्या मित्राचं उत्तर आहे. खूण नाही, नोंदणी नाही, असं तो म्हणतो. बर्न करारात १९०८च्या बर्लिन दुरुस्तीपासून हक्क मिळायला कुठल्याही सोपस्काराची अट घालता येत नाही. लिहिलं की हक्क आला. नोंदणी, खूण, सरकारी शिक्का, काही लागत नाही. मग तो गोलातला सी आला कुठून? अमेरिकेला आणि आणखी काही देशांना सोपस्कार सोडायचे नव्हते. त्यांना सामावून घ्यायला १९५२ साली जिनिव्हात जागतिक कॉपीराइट करार झाला. ही खूण, हक्कधारकाचं नाव आणि प्रसिद्धीचं वर्ष एवढं पुस्तकावर असलं की सोपस्कार पुरे झाले असं मानायचं, अशी त्यात तडजोड होती. ती तडजोड जवळजवळ इतिहासजमा झाली, खूण मात्र सवयीने राहिली. ती दिसली तर उपयोगी, कारण हक्क कुणाकडे ते कळतं. नसली तर हक्क नाही असं होत नाही.

तरी मी तुम्हाला एक सांगू? त्याने बहुतेक मुखपृष्ठ पाहिलं असावं. शीर्षकाचं पान उलटा आणि त्याच्या पाठीमागचं बारीक टाइपातलं पान वाचा. भिंग घेऊन वाचा. १९८७च्या त्या आवृत्तीत तिथे दोन ओळी असण्याची दाट शक्यता आहे: एक मूळ लेखनाच्या हक्काची, एक अनुवादाच्या हक्काची, आणि अनुवादकाचं नाव. ते नाव तुमच्या पत्रात कुठेही नाही. चार वर्षं तुम्ही त्या माणसाच्या वाक्यांत राहिला आहात आणि त्याचं नाव लिहायला विसरलात. हे मी टोचायला सांगत नाही. आपण अनुवादक एकमेकांना असंच विसरतो.

दुसरा मित्र साठ वर्षं म्हणाला. हिशेब करू. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजतात. लेखिका १९६१ साली गेली, मोजणी १ जानेवारी १९६२पासून, मुदत संपली ३१ डिसेंबर २०२१ला. तेव्हा १९३८च्या संग्रहातल्या दहा कथांपुरता त्याचा हिशेब बरोबर आहे. तिच्या देशात मृत्यूनंतर सत्तर वर्षांचा नियम असेल, युरोपीय संघात तो आहे, तरी त्या जास्तीच्या दहा वर्षांचा फायदा तिला इथे मिळत नाही. इथे इथल्या लेखकाला साठ, तर तिलाही साठ.

उलट बाजूने मात्र वेगळं घडतं. एखाद्या लेखकाच्या मायदेशात मुदत आपल्याहून कमी असेल, तर आपल्याकडेही तेवढीच धरतात. न्यूझीलंडमध्ये आजवर मृत्यूनंतर पन्नास वर्षांचा हिशेब चालत आला आहे. तिथला लेखक १९७० साली गेला असेल तर त्याचे हक्क तिथे २०२०अखेर संपले, आणि म्हणून इथेही संपले, आपली साठ वर्षं भरायची वाट पाहावी लागत नाही. बर्न करारातल्या या तरतुदीला कमी मुदतीचा नियम म्हणतात. राष्ट्रीय वागणुकीला पाडलेली ही मोठी खिंड आहे, आणि सगळे देश ती वापरतात असंही नाही. अमेरिका वापरत नाही. मेक्सिकोत तर मृत्यूनंतर शंभर वर्षं आहेत. म्हणून कुणी 'अमुक लेखक आता मोकळा झाला' असं म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठे?

राहिल्या त्या दोन कथा. त्या लेखिकेच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याला आपल्या कायद्यात वेगळं कलम आहे. तिथे साठ वर्षं मृत्यूपासून मोजत नाहीत, पहिल्या प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून मोजतात. पहिली प्रसिद्धी १९६९, मोजणी १९७०पासून, मुदत २०२९अखेर. मायदेशातली सत्तर वर्षं २०३१पर्यंत जातात, म्हणजे कमी मुदतीचा नियम इथे मदतीला येत नाही. या दोन कथा १ जानेवारी २०३०पर्यंत वारसांच्या आहेत. त्यांना विचारल्याशिवाय त्या घेता येणार नाहीत.

ई-बुकबद्दल तुम्ही एकाच वाक्यात उरकलं आहे, पण खरा गुंता तिथे आहे. छापील पुस्तक जिथे विकलं जातं तिथलं असतं. ई-बुक तुम्ही एका ठिकाणी चढवता आणि ते एकाच वेळी पन्नास देशांत विक्रीला लागतं. त्या प्रत्येक देशात ती लेखिका तिथली नागरिक असल्यासारखी उभी आहे. युरोपात तिचे हक्क २०३१अखेरपर्यंत आहेत. अमेरिकेत १९३८ साली प्रसिद्ध झालेलं पुस्तक प्रसिद्धीपासून पंच्याण्णव वर्षं, म्हणजे २०३३अखेरपर्यंत संरक्षित असू शकतं. इथे मोकळ्या असलेल्या दहा कथा तिथे मोकळ्या नाहीत.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे अमेरिकेतलं मोफत ई-पुस्तकांचं जुनं संकेतस्थळ. त्यावर थॉमस मान, हाइनरिश मान आणि आल्फ्रेड डोब्लिन या तीन जर्मन लेखकांची अठरा पुस्तकं होती. अमेरिकेच्या हिशेबाने ती मोकळी होती, जर्मनीच्या हिशेबाने नव्हती, कारण तिघेही १९५०च्या दशकात वारलेले. जर्मन प्रकाशकाने फ्रँकफुर्टच्या न्यायालयात दावा लावला. २०१८ साली निकाल प्रकाशकाच्या बाजूने लागला, आणि गुटेनबर्गने जर्मनीतल्या वाचकांसाठी आपलं सगळं संकेतस्थळच बंद करून टाकलं. २०२१ साली तडजोड झाली तेव्हा कुठे ते पुन्हा उघडलं, त्या लेखकांची पुस्तकं मात्र जर्मनीतली मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवून. तुमच्यासाठी यातलं घेण्यासारखं एवढंच: ई-बुक चढवताना विक्रीचा प्रदेश निवडायची सोय असते. परवानगी जेवढ्या प्रदेशाची, खूण तेवढ्याच प्रदेशावर. 'संपूर्ण जग' हा पर्याय आपोआप निवडलेला असेल, तर तो काढा.

अजून एक, कारण तुम्ही लिहिलं आहे की पूर्वी लोक असले अनुवाद बिनदिक्कत करत. करत, आणि काही बाबतीत ते कायद्याला धरूनही होतं. सोव्हिएत संघ १९७३पर्यंत या कुठल्याच मोठ्या करारात नव्हता. चीन बर्न करारात १९९२ साली आला, रशिया १९९५ साली. पण एकदा मोकळं होतं म्हणून कायम मोकळं राहील, असं नसतं. देश करारात आला की त्याचं जुनं साहित्यही, मायदेशात मुदत शिल्लक असेल तर, संरक्षणाखाली येतं. अमेरिकेने १ जानेवारी १९९६पासून अशा असंख्य परदेशी कृतींचे हक्क पुन्हा जिवंत केले. तोपर्यंत प्रोकोफिएव्ह, शोस्ताकोविच या रशियन संगीतकारांच्या संगीताच्या काही संहिता वाद्यवृंद फुकट वाजवत होते, त्यांना अचानक पैसे मोजायची वेळ आली. एक संगीतसंचालक त्याविरुद्ध तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ साली हरला. मला त्याचं दुःख समजतं. ज्यावर सगळ्यांचा हक्क झाला ते परत एकाचं करणं मनाला पटत नाही. पण बाकीच्या जगाने अमेरिकेच्या लेखकांना जे दिलं होतं ते अमेरिकेने इतकी वर्षं त्यांच्या लेखकांना दिलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र निवडलं तिच्याकडे येते.

तुमच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: "खिडकीतला दिवा थकलेल्या डोळ्यासारखा मिटला." शेजारी समासात तुमच्या मैत्रिणीने पेन्सिलीने लिहिलं आहे, "मुळात फक्त 'दिवा गेला' आहे." तुम्ही ती टीप वाचलीत, आणि वाक्य तसंच ठेवलंत. का ठेवलंत ते मला कळतं. सुंदर आहे. पण ताई, मग तो थकलेला डोळा कुणाचा? लेखिकेचा नाही. तुमचा नाही. तो त्या इंग्रजी अनुवादकाचा आहे. कधीतरी टेबलाशी बसून 'दिवा गेला' हे त्याला अपुरं वाटलं असेल, आणि त्याने आपल्या पदरचं काहीतरी घातलं. बरं केलं की वाईट, हा वेगळा वाद. मी असते तर 'दिवा गेला' एवढंच ठेवलं असतं. पण ते त्याचं आहे. बर्न करार नेमकं हेच सांगतो: मूळ लेखनाच्या हक्काला धक्का न लावता, अनुवाद ही स्वतंत्र कृती म्हणून संरक्षित आहे. अनुवादक हयात असेल तर त्याचा हक्क तो असेपर्यंत आणि नंतर साठ वर्षं. मूळ कथा मोकळी झाली म्हणून त्याची इंग्रजी वाक्यं मोकळी होत नाहीत. तुमच्या मराठीत त्याची निवड ओळीओळीला उतरली आहे, आणि मैत्रिणीने पडताळून दिलेल्या थोड्या ओळींनी ते पुसलं जात नाही.

वर्षांपूर्वी मी स्वतः हीच चूक केली. एका प्रकाशकाने मला सांगितलं, मूळ लेखकाचे हक्क संपले आहेत, तुम्ही निर्धास्त राहा, आणि मी इंग्रजीवरून एक लहानसं पुस्तक केलं. दीड वर्षाने इंग्रजी अनुवादिकेचं पत्र आलं. वयस्कर बाई होत्या. वकिलाची नोटीस नव्हती, साधं हाताने लिहिलेलं पत्र होतं. त्यांनी विचारलं होतं, पुस्तकावर माझं नाव का नाही? पैशाचा शब्द नव्हता. मी त्या पत्राला उत्तर लिहायला तीन आठवडे घेतले. तुमच्या चौथ्या मित्राला, तो जो म्हणतो तिकडून कोण बघायला येतंय, त्याला माझं उत्तर ते पत्र आहे. आणि आता तर बघायला यावंही लागत नाही. पुस्तकाचं नाव शोधपेटीत टाकलं की मराठी मुखपृष्ठ समोर येतं.

फ्रान्समधला एक खटला मला नेहमी आठवतो. जॉन ह्यूस्टन या अमेरिकन दिग्दर्शकाचा एक कृष्णधवल चित्रपट हक्क असलेल्या कंपनीने रंगीत करून घेतला, आणि फ्रान्समधल्या एका वाहिनीने तो दाखवायचं ठरवलं. ह्यूस्टन तोवर वारला होता. त्याची मुलं आणि पटकथालेखक न्यायालयात गेले. अमेरिकेच्या कायद्याने चित्रपट कंपनीचा होता, त्यांना तिथे दाद मिळाली नसती. पण १९९१ साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कृतीच्या अखंडतेचा हक्क ती निर्माण करणाऱ्या माणसाचा आहे, आणि कृती पहिल्यांदा कुठल्या देशात प्रसिद्ध झाली याने फरक पडत नाही. मायदेशात जे मिळालं नाही ते परदेशात मिळालं. परक्याला आपल्यासारखं वागवायचं म्हटलं की कधीकधी त्याच्या घरच्यांनी दिलं त्याहून जास्त द्यावं लागतं, आणि फ्रान्सने ते दिलं.

आता कामाचं बोलू. दोन वाटा म्हणाले होते.

पहिली वाट परवानगीची. त्या बारीक टाइपाच्या पानावरून इंग्रजी प्रकाशकाचं नाव घ्या. १९८७नंतर ती संस्था दुसऱ्या मोठ्या प्रकाशकात विलीन झालेली असू शकते. तसं असेल तर आज जो मालक आहे त्याच्या हक्क विभागाला ई-मेल करा. अनुवादाचा हक्क अनुवादकाकडेच राहिला आहे की प्रकाशकाकडे, हे पहिल्याच पत्रात विचारा, कारण दोन्ही प्रकार आढळतात. पत्र छोटं असू द्या. पुस्तकाचं नाव आणि वर्ष, कोणत्या बारा कथा, भाषा मराठी, छापील प्रती किती, ई-बुक कोणत्या प्रदेशात, पुस्तक कोण काढणार. कथांचं कौतुक एका वाक्यात पुरे. या भाषेतला वाचकवर्ग लहान आहे हे मोकळेपणाने लिहा. अशा वेळी मागणी बेताची ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. दोन मरणोत्तर कथांसाठी मूळ भाषेतल्या प्रकाशकाला वेगळं पत्र लागेल, वारसांपर्यंत तोच पोचवेल. महिना-दीड महिन्यात उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे, हे मात्र पक्कं धरा. होकार आला तर तो लेखी हवा, आणि त्यात भाषा, प्रदेश, प्रतींची संख्या आणि मुदत असायला हवी.

कुणीतरी तुम्हाला सक्तीच्या परवान्याबद्दलही सांगेल. आपल्या कायद्यात तशी सोय आहे: पुस्तक प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली आणि त्या भाषेत अनुवाद आला नाही, तर अर्ज करून परवाना मागता येतो. विकसनशील देशांना अनुवादासाठी सवलत हवी, हा आग्रह १९६७ आणि १९७१च्या परिषदांत जोराने मांडला गेला होता, आणि त्याला मोठा अर्थ होता. पण आधी हक्कधारकाला विचारलं, तो सापडला नाही किंवा त्याने नाही म्हटलं, हे सिद्ध करावं लागतं, शुल्क भरावं लागतं, आणि वेळ जातो. तुमच्यासारख्या एकटीने काम करणाऱ्या बाईने पहिलं पत्र लिहायच्या आधी त्या दारात जाऊ नये.

दुसरी वाट माझ्या मते जास्त चांगली. मैत्रिणीला सहअनुवादक करा. दहा कथा मूळ भाषेतून पुन्हा घ्या. तिने मूळ वाचून तोंडी अर्थ सांगायचा, तुम्ही मराठी करायचं, इंग्रजी पुस्तक कपाटात. चार वर्षांत त्या कथांचा सूर तुमच्या कानात बसला आहे, तो कुणी काढून घेत नाही. काम मला वाटतं वर्षभराचं. मग त्या दहा कथा भारतात छापायला कुणाचीही परवानगी लागणार नाही. दोन मरणोत्तर कथा वारसांनी दिल्या तर घ्या, नाही तर २०३०च्या आवृत्तीसाठी ठेवा.

आणि असं झालेलं मराठी पुस्तक तुमच्या दोघींचं असेल, हे तुमच्या पत्रात कुठे सुचलेलं दिसत नाही. तुमचा अनुवादही स्वतंत्र कृती आहे. तो प्रसिद्ध झाला की एकशे ऐंशीहून अधिक देशांत, कुठेही अर्ज न करता, तुम्ही तिथल्या लेखिका असल्यासारख्या धरल्या जाल. उद्या कुणी तुमच्या मराठीवरून तिसऱ्याच भाषेत त्या कथा न्यायला निघालं, तर त्याला तुम्हाला पत्र लिहावं लागेल, आणि मुखपृष्ठाच्या आत तुमची नावं घालावी लागतील.

या आठवड्यात ते बारीक टाइपाचं पान वाचून अनुवादकाचं नाव मला कळवा. दोन्हींपैकी कुठलीही वाट घेतलीत तरी त्याला एक पत्र लिहावं असं मला वाटतं. आणि दुसऱ्या पानावरच्या त्या दिव्याचं मैत्रिणीशी बसून काय ठरवता, तेही.